आजचंच अंडं

लोहा, ता. ३ डिसेंबर २०२५

चि. सौ. शिवांगीस आजीचा आशीर्वाद. इकडं मी आन् कोंबड्या खुशाल. तुझं तसं कळव.

फोन नको म्हणून कागद. मला ऐकू येत न्हाई, मग तू वरडणार, आन् उदगीरच्या अख्ख्या गल्लीला कळणार की रेवणप्पा अडत्याची सून अंडी खाऊन राहिली. डॉक्टरीणबाईनं तुझं रक्त आठ सांगितलं. सहावा महिना आन् आठ! गोळ्यांच्या जोडीला रोज दोन अंडी खा, नवीन वर्ष लागल्यावर तपासू, दहाच्या वर गेलं न्हाई तर लातूरला भरती करून परक्याचं रक्त चढवावं लागंल, असं म्हणली म्हणं. लग्नात परकं घर केलंस तेवढं पुरे.

तुझ्या सासूबाईंनी, दानम्मांनी, अंड्याला हो म्हणलं हे मला अजून खरं वाटत न्हाई. गळ्यात लिंग बांधणारं घर ते. त्यांची अट वाजवी हाय. परसातल्या चुलीवर वेगळ्या भांड्यात उकडायचं, तिथंच सोलायचं, आन् टरफलाचा कण जरी उंबऱ्याच्या आत दिसला तर अंडी बंद. पाळ.

डब्यात भुशात बारा अंडी हायत. आज सकाळची, मी भरली तवा गरम होती. दुकानवाले आठ-आठ दिवसांची विकतात. आपल्या घराण्यात पाव्हण्याला आन् पोटुशीला शिळं अंडं देत न्हाईत. कंडक्टर मल्लेश तुमच्याच गल्लीतला, तो आणून देईल. आशीर्वाद हायच, तो खाल्ल्यावर लागू पडंल.

तुझी आजी, गुणाबाई

उदगीर, ता. ९ डिसेंबर

ती. आजीस शिवांगीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

अंडी पोचली. चव आपल्या घरचीच. पण आजी, ती सोलली जात नाहीत. टरफल निघतं ते पांढरं सोबत घेऊनच. बाराव्यापर्यंत हात बसेल वाटलं होतं. बारावं तर नुसत्या पिवळ्या गोळीएवढं उरलं. एकेकाला पाव तास, तोही चुलीपुढे पोट सांभाळत. दोन उकडते, पोटात जातं एक.

त्यात परवा टरफलाचा एक तुकडा माझ्या टाचेला चिकटून थेट देवघरापर्यंत गेला. सासूबाईंनी घर दोनदा पुसलं, अंघोळ केली, दिवसभर उपास धरला आणि संध्याकाळी एवढंच म्हणाल्या की यानंतरचा तुकडा शेवटचा. रविकिरण आपल्या आईची समजूत घालायला गेले, तर त्यांनाही अंघोळ करायला लावली.

काहीतरी युक्ती सांग. तुझा लोभ आहेच, तो थोडा युक्तीच्या रूपात पाठव.

तुझी शिवांगी

लोहा, ता. ११ डिसेंबर

चि. सौ. शिवांगीस आशीर्वाद.

तक्रार वाचली. साठ वर्षं मी अंडी सोलून राहिले, एकानं पांढरं सोडलं न्हाई. म्हंजे खोट अंड्यात न्हाई, नखात हाय. नांदेडला एम.एस्सी. केलीस तवाच म्हणले होते, एवढं शिकलं की हात जातो. उदगीरचं पाणीबी जड असंल. उकडताना मीठ टाक, काढल्याबरोबर गार पाण्यात सोड, रुंद बाजूनं ठोक. ठोक म्हंजे ठोक. नवऱ्याला हाक मारल्यासारखं लाजत नको.

तरी शंका नको म्हणून या वेळी मी खुराड्यापुढं पाट टाकून बसले. कोंबडी उठली की अंडं उचललं, हवा लागू दिली न्हाई. तांबडीनं दोनदा हाताला चोच मारली. याच्याहून ताजं पाहिजे असंल तर कोंबडीच पाठवावी लागंल, आन् ती तुझ्या सासूबाईंच्या देवघरात आपल्या पायानं जाईल.

दानम्मांना सांग, उपास धरू नका. घरात रक्त कमी असलेली एक बाई पुरे. आशीर्वाद देते, पण नखाला.

आजी

उदगीर, ता. २२ डिसेंबर

ती. आजीस नमस्कार.

तुझं पत्र आणि डबा काल मिळाला. मल्लेशच्या बहिणीचं लग्न निघालं. तो डबा घरी खाटेखाली ठेवून रजेवर गेला. त्याची बायको रुद्राणी तो तुपाचा समजून बसली. काल तिनं झाकण उघडलं आणि घाबरून पळतच आणून दिला. दहा दिवस! तोवर मी बीट आणि डाळिंबावर होते.

फेकायचीच होती. पण पाण्यात सोडली तर सगळी तळाशी बसली, म्हणजे नासलेली नव्हती. दोन उकडली. आजी, बाळाचं झबलं उतरवावं तसं टरफल उतरलं. अंडं इतकं गुळगुळीत की मी आधी नुसतं बघतच बसले. ताज्या अंड्याचं पांढरं आतल्या पापुद्र्याला घट्ट धरून असतं, आठ-दहा दिवसांनी सोडतं, असं कळलं. आमच्या एम.एस्सी.त हे नव्हतं.

तेव्हा रागावू नकोस, पण यापुढे शिळीच पाठव. लोभ ताजा असू दे.

शिवांगी

लोहा, ता. २४ डिसेंबर

चि. सौ. शिवांगीस आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा राग आला. मग हिशेब लागला. आपल्या घरात ताजी अंडी पाव्हण्यांची, मागं पडलेली आपली. म्हंजे साठ वर्षं मी शिळीच सोलली. ताजी मी पाव्हण्याच्या ताटात टरफलासकट ठेवायचे, त्यानं आपल्या हातानं सोलावं म्हणून. हदगावचे जावई दर खेपेला म्हणायचे, मामी, अंडी नको, पिठलंच करा. मी त्यांना बुजरं समजले. सोयरीक करायला आलेल्या एकानं अर्धं अंडं रुमालात बांधून नेलं. मला वाटलं घरी लेकराला नेलं.

आता आठ दिवस ठेवून, वर पेन्सिलीनं तारीख घालून पाठवते. आपल्या घराण्याची रीत आजपासून उलटी. जावयांना कळवू नको.

आजी

उदगीर, ता. ७ जानेवारी २०२६

गं. भा. गुणाबाई विहीणबाईंस दानम्माचे शरणु शरणार्थी. इकडे क्षेम आहे.

सूनबाईचं रक्त काल दहाच्या वर निघालं. लातूरला जावं लागणार नाही.

पुढचं तुमच्याजवळ ठेवा. ती वस्तू शिळी झाल्यापासून नीट सुटते हे खरं, पण तुमची नात टरफलं दहा हात उडवते. तुकडा आत येऊ नये म्हणून आधी मी उंबऱ्यावर उभी राहिले. मग तिच्याजवळ जाऊन बसले. मग तुकडे वेचायला लागले. शेवटी एक दिवस ती वस्तू तिच्या हातातून ओढून घेतली आणि स्वतः सोलली. एका दमात निघाली. तेव्हापासून रोज दोन्ही मीच सोलते आणि नंतर डोक्यावरून अंघोळ करते. आमच्या ह्यांना वाटतं मी कसलंसं व्रत धरलंय.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हिला एवढं नेमानं खाऊ कोण घालतं. मी सांगितलं, लोह्याची आजी.

डबा चुकवू नका. आपली ओढ अशीच राहो.

दानम्मा

लोहा, ता. ११ जानेवारी

सौ. दानम्मा विहीणबाईंस गुणाबाईचा रामराम.

पत्र वाचलं आन् चुलीत घातलं.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत हाय. शिवांगीला आई न्हाई, म्हणून पुढच्या महिन्यात तिला इकडं आणायला मी जीप सांगून ठेवली होती. काल ती नको म्हणून सांगितलं. कोंबड्या माझ्याकडं हायत, पण सोलणारं माणूस तुमच्याकडं हाय. गावात कुणी विचारलं तर सांगन, डॉक्टरीणबाईनं प्रवास नको म्हणलं. तुम्ही माझ्यासाठी एक खोटं बोलल्या, हे त्याच्यात वळतं झालं.

डबा दर आठवड्याला येईल. थंडी हाय, अंघोळीचं पाणी तापवून घेत जा. तुम्हीच आजारी पडल्या तर सोलायला मला उदगीरला यावं लागंल, आन् मला तुमच्या घरचं बिनअंड्याचं जेवण सोसायचं न्हाई.

गुणाबाई