मागच्या सीटचा दिवा

३ नोव्हेंबर

गाडी आली एकदाची. अकरा वर्षांची, चंदेरी, आणि डिकी तर अशी की बाबांचा वॉकर न दुमडता आत जातो. हे मी गाडीवाल्यासमोरच तपासून घेतलं. तो म्हणाला, ताई, लोक इंजिन बघतात, तुम्ही डिकी बघताय. मी म्हटलं, इंजिनातलं मला काय कळतंय.

या गावात येऊन आज बारा दिवस. क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर आहे, काम तेच जुनं: पेशंटला काचेच्या खोलीत बसवायचं, हेडफोन लावायचे, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आलं की बटण दाबा म्हणायचं. खरी धावपळ बाबांची. मार्चमध्ये झटका आला तेव्हापासून त्यांची डावी बाजू जड आहे. व्यायामाचं केंद्र नऊ किलोमीटरवर, आठवड्यातून तीनदा. डॉक्टरांनी बजावलंय की जे काही परत यायचं ते पहिल्या वर्षातच येईल, एकही फेरी चुकवू नका. म्हणून गाडी, आणि तीही ऐसपैस.

बाबा पुढच्या सीटवर बसले, पाय लांब केले आणि ही मोटार तुला आधी का सुचली नाही म्हणून मलाच बोलले. मी ओरडून उत्तर दिलं, ते त्यांना ऐकू गेलं नाही. मुलगी जगाचे कान तपासते आणि बापाचं श्रवणयंत्र चष्म्याच्या डबीत पडून असतं. यंत्र घातलं की सगळे भांडतायत असं वाटतं म्हणे.

बऱ्याच दिवसांनी आज बरं वाटतंय.

६ नोव्हेंबर

गाडीत एक कटकट निघाली. मागच्या उजव्या सीटवर, म्हणजे माझ्या बरोब्बर पाठीमागे, कुणीतरी बेल्ट न लावता बसलंय असा दिवा लागतो आणि पीप पीप सुरू होते. सीट रिकामी आहे. पिशवी नाही, पाण्याची बाटली नाही, काही नाही. दिवसभर मी लोकांना पीप ऐकवते, संध्याकाळी गाडी मला ऐकवते. बाबांना अर्थात काहीच ऐकू येत नाही, ते खिडकीबाहेर बघत मजेत बसतात.

गाडीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, जुन्या गाडीत एवढं चालायचंच, रेडिओ लावा.

१० नोव्हेंबर

मेकॅनिककडे तिसरी खेप. पहिल्यांदा सेन्सर पुसला. दुसऱ्यांदा सेन्सर बदलला. आज वायर बदलली आणि म्हणाला, आता वाजली तर माझं नाव बदला. दुकानापासून पहिल्या सिग्नलपर्यंत गाडी गप्प होती. मग वाजायला लागली. तशीच वळवून परत नेली. तो स्वतः मागे जाऊन बसला, उठला, पुन्हा बसला. म्हणाला, मॅडम, सीट गार लागतेय, एसी मागे जास्त येतोय का? एसी बंद होता.

एवढ्या वेळात केंद्रातली वेळ निघून गेली. बाबांची एक फेरी बुडाली. घरी येऊन मी भांडी आदळत बसले.

१२ नोव्हेंबर

सुटका झाली. मेकॅनिकनं बेल्टच्या खाचेत नुसतीच एक लोखंडी पट्टी अडकवून दिली. बेल्ट न लावता गाडी चालवणारे लोक वापरतात, तीच. गाडीला वाटतं बेल्ट लागला. दिवा गेला, पीप गेली. हे पहिल्याच दिवशी करता आलं असतं की, म्हटलं. तो म्हणाला, खरं दुरुस्त करून द्यायचं होतं, मॅडम.

१५ नोव्हेंबर

बाबांनी नवीन काढलंय. मान वळवून मागे बघतात आणि बोलतात. आधी वाटलं माझ्याशीच. आज विचारलं, कुणाशी बोलताय? तर म्हणाले, मागचा माणूस विचारत होता, रोज कुठे जाता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की असे भास होऊ शकतात, घाबरू नका. घाबरले नाही. पण चिडले मात्र. आठ महिने मी घसा फोडून बोलते त्यातला एक शब्द पोचत नाही, आणि रिकाम्या सीटवरचा माणूस यांना पहिल्या झटक्यात ऐकू येतो.

यंत्र घातलं होतं का, तर नाही. डबीतच होतं.

१७ नोव्हेंबर

आज जाताना बाबा म्हणाले, "तो विचारतो, जागा बदलू या का. बिचारा किती दिवस मागे बसलाय."

मी गिअर बदलत होते, पुढे ट्रक आडवा आला होता. मी तोडून टाकल्यासारखं म्हटलं, बदला हवी तर.

तेवढं बरं ऐकू गेलं. बाबा मागे वळून म्हणाले, "हो म्हणतेय ती. बदलू की मग."

केंद्रात बाबा गाडीतून उतरले. मी डिकीतून वॉकर काढेपर्यंत ते पायऱ्या चढून दारात पोचलेसुद्धा. व्यायाम शिकवणारी मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. बाबांचा डावा हात खांद्याच्या वर गेला. तिनं व्हिडिओ काढून डॉक्टरांना पाठवला. मी स्वच्छतागृहात जाऊन रडून घेतलं.

येताना मात्र दिवा पुन्हा लागला. पट्टी अडकवलेली असूनसुद्धा. पीप आता सारखी नाही, थांबून थांबून वाजते, दम लागल्यासारखी.

१८ नोव्हेंबर

पट्टीचाही उपयोग नाही म्हटल्यावर गाडीच्या कागदांवरून आधीच्या मालकिणीचा नंबर शोधला. शिकवण्या घेतात. गाडी कशी होती, विचारलं. म्हणाल्या, उत्तम, सहा वर्षांत एकदाही बंद पडली नाही. मग मी दिव्याचं सांगितलं.

बाईंनी आधी कुठली सीट ते विचारलं. मग म्हणाल्या, "बेल्ट कुणी काढला?"

त्यांच्याकडे मागच्या उजव्या सीटचा बेल्ट कायम लावलेला असायचा. रिकाम्या सीटवर. ज्यानं त्यांना गाडी विकली त्यानं एवढंच बजावलं होतं, आणि त्यालाही पहिल्या मालकानं तेवढंच. बेल्ट लावून ठेवा, तो बसून राहतो, कुणाला काही करत नाही. गाडीवाल्याला त्यांनी तीनतीनदा सांगितलं होतं म्हणे. त्यानं गाडी धुवायला दिली, सीट पुसायला बेल्ट काढला असणार. मग मला दटावल्यासारखं म्हणाल्या, अहो, पीप वाजत होती ना? ती कशासाठी वाजते? आणि तुम्ही ती बंद करायच्या मागे लागलात.

तडक खाली गेले. पट्टी उपटली, बेल्ट ओढला, रिकाम्या सीटवरून घेऊन खटकन लावला. दिवा विझला. काम झालं.

२० नोव्हेंबर

गाडी शांत. बाबा वॉकरशिवाय चालतात. माझा चहाही त्यांनीच केला. बोलतात हळू आवाजात, आणि मीही हळू बोलते, सगळं ऐकू जातं.

यंत्राशिवाय.

झटक्यानं गेलेलं परत येतं, हे मी मानते. कान परत येत नाहीत. पेशंटना मी हे रोज सांगते. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाचे कान परत येत नाहीत.

२१ नोव्हेंबर

दुपारी क्लिनिक रिकामं असताना त्यांना घेऊन गेले. काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावले. त्यांच्या कानांचा जुना तक्ता समोर होता, मीच केलेला. आवाज कमी करत गेले. बटण. आणखी कमी. बटण. लहान मुलांनाही ऐकू येत नाही तिथपर्यंत गेले. बटण.

आम्ही मध्येच मुद्दाम काही क्षण आवाज सोडतच नाही. अंदाजानं दाबणारे पेशंट तिथे पकडले जातात. तेच केलं. ते काचेतून माझ्याकडे बघत राहिले. मग मी मनात म्हटलं, आता सोडते.

माझं बोट हलायच्या आत त्यांनी बटण दाबलं. आणि हसले. ओळखलंस का, असे.

घरी येताना ते माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी बेल्ट लावला होता. हात मांडीवर. मागे एकदाही वळून बघितलं नाही.

मागे आता आहे कोण —

२२ नोव्हेंबर

सकाळी त्यांना वर सोडून गाडीत आले. भाजी आणते म्हणून सांगितलं. किल्ली फिरवली, मागे जाऊन बेल्ट काढला. दिवा लागला. पीप.

बाबा, म्हटलं. काही नाही. ओरडले. पार्किंगमधले दोघंतिघं वळून बघायला लागले. काही नाही. ऐकू कसं जाणार. यंत्र वर आहे, डबीत.

घरी जेवायला बोलवायचं तर मी टेबलावर दोनदा थाप मारते. हादरा त्यांना कळतो. तेही एकदा मारतात, आलो म्हणून.

सीटवर दोनदा थाप मारली.

एक थाप आली. सीटच्या आतून नव्हे, वरून. कापड दबलेलं मला दिसलं.

चार दिवस. बेल्ट मीच लावला. माझ्या हातानं. चार दिवस त्यांना इथे बांधून मी वर त्याच्या हातचा चहा प्यायले —

२२ नोव्हेंबर, अकरा वाजता

शिकवणीवाल्या बाईंना फोन केला. माणूस परत कसा आणायचा, विचारलं. त्यांना माहीत नाही. गाडी घेतलेल्या कुणावरच अशी वेळ आली नव्हती. सगळ्यांनी बेल्ट लावला आणि पुढे विकली. तुम्हीही लावा म्हणाल्या, आणि विका. मी म्हटलं, आत माझे वडील आहेत. त्या रडायला लागल्या. मग फोन ठेवला, कुणी ठेवला आठवत नाही.

जागा बोलून बदलली. विचारलं, हो म्हटलं, बदलली. हो मीच म्हटलं. म्हणजे पुन्हा विचारता येईल. त्याला मागे बसवायचं, बाबांना विचारायचं — पण तो कशाला हो म्हणेल. मी काय देऊ शकते. माझी जागा.

ती देता येईल. तो माझ्या अंगात, बाबा पुन्हा त्यांच्या, मी या सीटवर.

आता मागे, बाबांच्या शेजारी बसलेय. वही मांडीवर. दारं लावली आहेत. थाप मारते, थाप येते. पहिल्यापेक्षा हळू.

लिफ्ट उघडली. तोच. वॉकर नाही. बाबांचा शर्ट, बाबांची चप्पल. भाजीची पिशवी हातात घेऊन येतोय, मी विसरले होते ती. शेजारच्यांना नमस्कार केला. ते म्हणाले असतील, काका, काय तब्येत सुधारली.

अजूनही उतरता येईल. डावं दार माझ्याच बाजूला आहे. बाबांना कळणारही नाही मी गेले ते.

नाही.

त्यांच्या मांडीवर हात ठेवलाय. मांडी लागते. खरंच लागते. गार आहे, पण माझा हात त्यांनी धरलाय, घट्ट — सोड म्हणतायत की धर म्हणतायत, मला कळत —

ड्रायव्हरचं दार उघडलं. तो आत बसला. आरशातून माझ्याकडे बघतोय. बाबांच्याच आवाजात विचारतोय, बोल पोरी, बदलायची का जागा?

मी म्हटलं, आधी त्यांना उतरू दे, मग मी