तोंडून निघालेलं ‘मले’

पुलगाव, मंगळवार संध्याकाळ, १९५४

सभेत गरजून घरी स्वतःलाच झोडपणाऱ्या वक्त्या, म्हणजे माझ्याच मना, ऐक.

काल नाचणगावच्या सभेत शुद्ध मराठीत बोलता बोलता ‘मला’ऐवजी तोंडून ‘मले’ निघालं आणि पुढे बसलेले माझे जुने गुरुजी हसले. तेव्हापासून आतला आवाज म्हणतोय, ‘गावंढळ! एवढं वाचून हेच?’ आष्टीला होणाऱ्या माझ्या पुढच्या सभेला नकाराचं पत्रही लिहून झालं.

बायको म्हणाली, “अवो, हासले त हासले! आपल्या बोलीत बोलले म्हनून खुश झाले असतीन.”

असेल? की थट्टाच? एका ‘मले’नं मी इतका हललो? काहीच कळत नाही.

पत्र टाकू नकोस. उद्या नाचणगावला जा आणि गुरुजींनाच विचार, “मले सांगा, काऊन हासले?”