मिस्त्री, तुमच्या कबरीचा कोबा

अहो मिस्त्री,

घरात तुम्हाला 'अहो' म्हटलं आणि कामावर 'मिस्त्री'. आज दोन्ही लिहिते, कारण आजपासून मीही मिस्त्री झाले. संगमनेरहून सर्टिफिकेट आलं. त्यावर माझा फोटो आणि खाली 'काँक्रीट फिनिशर', म्हणजे सिमेंटचा कोबा घोटणारी. बातमी सगळ्यात आधी तुम्हालाच सांगायची होती, पण तुम्ही जाऊन पडलात कबरस्थानात. तिथे फोन कुठला करणार?

तुमच्या डोक्यावर काय झालंय, ठाऊक आहे का? कबरीचा कोबा फुटला. केला होता याकोबदाजींनी. जिवंतपणी तुम्ही बहिणीच्या या नवऱ्याला साधा ओटासुद्धा करू दिला नाहीत, आणि शेवटी त्यांच्याच हाती सापडलात. मी रडत बसलेली, मला कोण विचारतंय? ओल्या कोब्यावर पाणी सुटलेलं असतानाच त्यांनी सुकं सिमेंट भुरभुरवलं, घोटायचा गुरमाळा फिरवला आणि गेले जेवायला. पुढे पाणी मारायला कोणी फिरकलं नाही. आता तुमच्या नावाखाली भेगांचं जाळं पडलंय आणि पायथ्याशी पाणी साचतं. लोकांच्या कोब्यावर गोटी सोडून उतार बघणारा माणूस तुम्ही, झोप तरी कशी लागते हो?

चर्चच्या सेक्रेटरींना म्हटलं, फोडून मीच नवा करते. ते हसले. "बाई, आता सर्टिफिकेटवाल्या मिस्त्रीबिगर तिथं कुनाला हात लावू द्यायचा न्हाई. दाजींनी लई शोभा केली हाय." त्यांना वाटलं, म्हातारी आता गप बसेल. मी दुसऱ्याच दिवशी संगमनेरच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये नाव घातलं.

तुम्ही म्हणाला असता, "तुला आता काय शिकायचं ऱ्हायलंय?" ते खरंच. तुमच्यामागे घमेली वाहता वाहता माझा हात बसला होता. तुम्ही चहाला गेलात की अर्धी खोली मीच घोटायचे. आणि परत आल्यावर तुम्ही मालकाला ऐटीत म्हणायचात, "बघा, हात हाय का न्हाई?" कुणाचा हात, ते कधी सांगितलंत का? त्याचा मला राग होता. सर्टिफिकेट आलं तरी तो गेलेला नाही.

सेंटरमध्ये गमबूट दिले, हेल्मेट दिलं. हेल्मेट अंबाड्यावर बसेना, आणि अंबाडा सोडायला मी तयार नव्हते. शेवटी सरांनी हात टेकले आणि दोरी लांब करून दिली. बाकी सगळं सोपं गेलं. अडलं ते परीक्षेत.

एका खोलीचा कोबा घोटायचा होता. परीक्षक साहेब पार आतल्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून फोनवर बोलत उभे. आता साहेबाला सरका म्हणायचं कसं? मी त्यांच्या बुटांभोवती जागा सोडली आणि तिथून घोटत घोटत मागे सरकत दारापर्यंत आले. फोन संपवून साहेब वळले, तर सगळीकडे ओला कोबा आणि हे कोपऱ्यात बेटावर!

"अहो बाई, मला सांगितलं का नाही?"

"तुमी बोलत हुता ना, साहेब."

फळ्या टाकून त्यांना बाहेर काढलं. म्हणाले, "हात पास, तोंड नापास. मिस्त्रीला आधी जागा मोकळी करून घेता आली पाहिजे."

घरी येऊन खूप रडले. जन्मभर मधे उभ्या असलेल्या पुरुषांना वळसा घालून घमेलं नेलं, ती सवय एका दिवसात कशी जाणार? तुमचं बरं होतं. सरपंच असो की मालक, "कोन रं त्यो? पाय उचल!" तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता तोच आवाज काढायची वेळ आली. गोठ्यात जाऊन म्हशीवर सराव केला. म्हैस जागची हलली नाही, पण माझा घसा मोकळा झाला.

फेरपरीक्षेला तेच साहेब, तोच कोपरा, तोच फोन. मुद्दाम उभे होते की सवयीनं, देव जाणे. मी गुरमाळा आपटला आणि ओरडले, "ओ साहेब! पाय उचला!" साहेब तर बाहेर पळालेच, दारातला वॉचमनही पळाला. मी मात्र दचकले. तो आवाज तुमचा होता हो. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा ऐकला, तोही माझ्याच तोंडून. डोळे भरून आले, पण हात थांबवला नाही. ओला कोबा कुणाच्या रडण्यासाठी थांबतो का?

सेक्रेटरींनी सर्टिफिकेट उलटंपालटं करून बघितलं आणि मुकाट्याने होकार दिला. या शनिवारी येते. याकोबदाजीही येणार आहेत. त्यांच्या हाती घमेलं देणार आहे.

शब्द देते, वरचं पाणी जिरल्याशिवाय गुरमाळा लावणार नाही, आणि पुढे रोज येऊन कोब्यावर अंथरलेली पोती ओली ठेवीन. मधे कोणी उभं राहिलं, चर्चचे पाळकसाहेब असले तरी ओरडेन. तुम्हाला मात्र पाय उचला म्हणणार नाही. तुम्ही आपले निवांत पसरा. फक्त शेजारच्या कबरीतून कोणी विचारलं की हात कुणाचा, तर या वेळी खरं नाव सांगा.

तुमची,
मार्था मिस्त्री