सगळ्यात वरची चूक

मंगळवार, १२ नोव्हेंबर १९९६, बारामती

आज कंपनीतनं सुटून क्लासला गेलो, पण परत प्रोग्राम चालला न्हाय. नुसती दोन आकड्यांची बेरीज, पण कॉम्प्युटरनं पडदाभर चुका दाखवल्या. मी खालनं एकेक दुरुस्त करत गेलो, तर आणखी वाढल्या. क्लासचे सर सगळ्यांदेखत म्हणाले, "उद्या नाही चालला तर क्लास सोड. तुझ्या गावाला, वरकुट्याला जाऊन मेंढरं वळ!"

खोलीवर आलो तरी तेच डोक्यात. मेंढरं वळ म्हणे. सातवी सोडल्यावर वळलीच की! कळप कुणाच्या उसात घुसला की मी मागची हाकायचो. बाप बांधावरनं ओरडायचा, "आरं येड्या, म्होरकं वळीव! बाकीची येत्यात मागनं."

मग पडद्यावरची म्होरकी कुठली? सगळ्यात वरची. तिला तर मी हातच लावला न्हाय!

आता क्लासला कुलूप. उद्या कंपनी सुटंपर्यंत कसा दम धरू?