तुला सगळं चालतं

आई, तुझ्या धाकटीचा तवा जपानला जाऊन आला.

तोच, बिडाचा, कडीला लाल चिंधी बांधलेला. तू जाऊन सव्वीस वर्षं झाली, तरी तिच्या भाकरी अजून त्यावरच होतात. प्रवासात तो माझ्या बॅगेत असतो, कारण तिचा खांदा दुखतो. तिची मुलगी तिकडं नोकरीला आहे. "मावशी, तू बरोबर असलीस की आईची काळजी नाही," असं ती फोनवर म्हणाली, आणि मी ज्वारी-बाजरीचं पीठ बांधायला घेतलं. मला फिरायला कोणी बोलावलं नव्हतं, पिठाबरोबर बोलावलं होतं.

डॉक्टरांनी तिचा गहू बंद केला तेव्हा ती पाच वर्षांची होती, मी नऊ. गिरणी उघडायच्या आधी तू दारात उभी असायचीस आणि तुझ्या मागे डोक्यावर डबा घेऊन मी. गव्हामागून दळलेली बाजरी तिला चालायची नाही. "आधी ह्या दोन मुठी टाक, दगड साफ होऊ दे. ते पीठ म्हशीला. मग डबा लाव." गिरणीवाला हसायचा, "आलं का मावशी राजकन्येचं दळण?" तू म्हणायचीस, "हाय माझी राजकन्या. तू दळ." मी तिथंच असायचे, आई. डबा माझ्याच डोक्यावर असायचा.

एकदा तू मळ्यात मेथी खुडायला गेलीस आणि मी खिळ्यावरचा तो तवा काढून त्यावर माझी पोळी टाकली. तिच्या तव्यावरची पोळी कशी लागते एवढंच बघायचं होतं. रोजच्यासारखीच लागली. तू आलीस, वासानंच ओळखलंस, आणि उलथनं माझ्या पाठीवर बसलं. "तुला सगळं चालतं ना गं? मग तिच्या तव्यावर कशाला मरतेस?" मग तू तवा राखेनं तीनदा घासलास आणि चुलीवर लाल होईस्तोवर तापवलास. घासताना रडत होतीस. माझ्या पाठीसाठी नाही.

तेच वाक्य घेऊन मी सासरी गेले. तिथं विचारणारं एकच माणूस निघालं. मला वांगं आवडत नाही हे ह्यांना पंधरा दिवसांत कळलं. घरी वांगं असलं की अंबडच्या कंपनीतून सुटल्यावर ते माझ्यासाठी शेव आणायचे. कागदाची पुडी गुपचूप फडताळात ठेवायचे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. आता मुलाकडं जे शिजतं ते मी खाते. चांगलं असतं.

विमानात तिचं ताट सगळ्यांच्या आधी आलं, नावाची चिठ्ठी लावलेलं. ताटं वाटणाऱ्या पोरीनं वाकून दोनदा खात्री करून घेतली. माझं ताट आलं तेव्हा धाकटी जेवून हात पुसत होती. तिकडं भाचीनं तिथल्या भाषेत एक कार्ड करून दिलं, हिला गहू चालत नाही म्हणून. ते दाखवलं की हॉटेलातला स्वयंपाकी स्वतः बाहेर येऊन कमरेत वाकायचा. मी तिच्या शेजारी पिशवी सांभाळत उभी. पण पाकिटं वाचायचं काम माझं. चौथीनंतर शाळा सुटली आणि मी पुड्यांचे कागद वाचून वाचायची सवय ठेवली, तुला माहीत आहे. गव्हाची त्यांची दोन अक्षरं मी पाठ केली. दुकानात चष्मा लावून एकेक पाकीट उलटून बघायचे. कुठल्याच पाकिटानं मला चकवलं नाही.

निघायच्या आठवड्यात आम्ही दोघीच बागेत बसलो होतो. तिनं तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांचं पाकीट फोडलं आणि माझ्यापुढं धरलं. "तांदूळच आहे ना ताई? बघ जरा." मी बघितलं. तांदूळ होता, आणि मागच्या यादीत, वरून लावलेल्या काळ्या सॉसच्या ओळीत, गव्हाची ती दोन अक्षरंही होती. मी सांगणारच होते. तेवढ्यात ती हसून म्हणाली, "तुझं बरंय बाई. तुला सगळं चालतं."

अगदी तुझा आवाज, आई. मी पाकीट तिच्या हातात परत दिलं.

तिनं एक चकती खाल्ली. दुसरी तोंडापाशी गेली तेव्हा मी तिच्या हातावर फटका मारला. चकती खाली पडली, कबुतरं जमली.

दोन दिवस ती पोट धरून पडून होती. मी पेज केली, तिचे पाय चेपले. लेक रजा घेऊन उशाशी बसली, तर तेही मला बघवेना. तिनं विचारलं, "मावशी, तुझ्या नजरेतून कसं सुटलं गं?" मी म्हटलं, चष्मा घरी राहिला होता. पडल्या पडल्या धाकटी म्हणाली, "तिला बोलू नको. ताई होती म्हणून दुसरी खाल्ली नाही मी."

इकडं परत आलो आणि काल तिचं पीठ संपलं. सकाळी गिरणी उघडताच पहिलं दळण लावलं, सुरुवातीच्या दोन मुठी बाजूला काढायला लावल्या. घरी येऊन हे लिहायला बसले. हा कागद कुठं धाडायचा नाही, आणि तिच्या हाती तर लागू द्यायचाच नाही.

चष्मा माझ्या नाकावरच होता. ती शेजारी बसून बघत होती, आणि तरी लेकीपुढं चष्म्याचं बोलली नाही. आई, मला तिच्या त्या गप्प बसण्याचाही हेवा वाटतो.