पाणचक्कीचा दगड कोणाला द्यायचा

मी, हेस्टर अ‍ॅन फर्निस, वय अडुसष्ट, लग्न न केलेली, धंद्याने खाटीक, राहणार चक्कीवाट, थॉर्नीक्लफ, परगणा डर्बीशायर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे. पोटातली गाठ मात्र वाढते आहे, म्हणून ही घाई. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला आले होते, त्यांना चहा पाजून परत पाठवलं. यापूर्वी मी जे काही लिहून ठेवलं असेल ते आजपासून रद्द.

या सगळ्याची अंमलबजावणी माझ्या वकील कुमारी फिलिपा हेवर्ड यांनी करावी. थोडक्यात लिहा, असं त्यांनी मला बजावलं आहे. ते जमणार नाही.

कलम १. माझं राहतं घर, त्यातल्या सामानासकट, मर्टल ग्रॅटन हिने हयातभर वापरावं. तिला कोणीही, कोणत्याही कारणाने तिथून काढू नये. तिच्यानंतर ते चेस्टरफील्डच्या त्या बायांना द्यावं, ज्या नवऱ्याच्या माराला कंटाळून निघालेल्या बायकांना आसरा देतात. दाराला आतून दोन कड्या आहेत. त्या काढू नयेत.

कलम २. माझा भाऊ क्लेमंट याचे खिळ्यांचे बूट माझ्याबरोबर पुरावेत. ते त्याच्या पायातून मी काढले होते, तेव्हा मी अकरा वर्षांची होते.

१९३४ सालच्या जानेवारीत एका रविवारी, प्रार्थना सुटल्यावर, एनॉक ग्रॅटनने आपल्या बायकोला केसांना धरून चॅपलच्या पायऱ्यांवरून खाली ओढलं. कारण काय, तर भजनाच्या वेळी तिने मागे वळून पाहिलं. ती मर्टल, तेव्हा वीस वर्षांची. एनॉक चुनखडीच्या खाणीचा मुकादम. अर्ध्या गावाचं पोट त्याच्या हातात, त्यामुळे सगळे पुरुष टोप्या सारख्या करत उभे राहिले. माझे वडीलही. क्लेम पुढे झाला, एनॉकने तिला मारायला उपसलेला पट्टा त्याने हिसकावला आणि त्याच पट्ट्याचा एक सणसणीत फटका त्याच्या तोंडावर ओढला. एनॉकचा ओठ फाटून लोंबायला लागला.

एनॉक रक्त थुंकला आणि हसला. "मंगळवारी भेटू, पोरा."

"उद्या नाही, परवा? येतो की."

"तो नव्हे. चेंडूचा मंगळवार."

लेंटचे उपास सुरू होण्याच्या आदल्या दिवशी आमच्या गावात वरची आळी आणि खालची आळी चेंडूसाठी एकमेकांवर तुटून पडतात. कातड्याचा चेंडू, आत बुचाचा भुगा. वरच्यांनी तो चर्चच्या फाटकावर आपटायचा, आम्ही खालच्यांनी जुन्या पाणचक्कीच्या भिंतीतल्या दगडावर. त्या दिवशी मोडलेल्या हाडाचा आणि फुटलेल्या डोळ्याचा जाब कोणी कोणाला विचारायचा नाही, ही गावची रीत. राजाचा कायदा दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर सुरू.

आईने पॅनकेक केले होते. क्लेमने ते उभ्याउभ्याच खाल्ले. "घरात थांब रे यंदा," आई म्हणाली. "आणि काय करू? तुझ्याबरोबर मोजे विणू?" असं म्हणून त्याने तिच्या गालावर साखरेच्या बोटांनी चिमटा काढला आणि गेला. त्याला तो खेळ मनापासून आवडायचा. हे मी मुद्दाम लिहीत आहे.

मी चक्कीच्या पाण्याच्या पाटावरच्या भिंतीवर चढून बसले होते. माणसांचा तो गोळा चिखलातून घरंगळत खाली आला. कोणाचा तरी कान फाटलेला, कोणी ओकत होतं, सगळ्यांच्या अंगांतून वाफ निघत होती. क्लेम चेंडू पोटाशी धरून पाटात उतरला. दगड समोरच होता. तेवढ्यात पाच-सहा जणांनी त्याला पाडलं, चेंडू त्याच्या हातून उपटला आणि पुलाकडे भिरकावला. सगळा जमाव ओरडत चेंडूमागे धावला. पाटात उरले दोघे. एनॉकने एक गुडघा क्लेमच्या पाठीत रोवला होता आणि दोन्ही हातांनी त्याचं डोकं पाण्याखाली दाबलं होतं. क्लेमचे हात पाणी झोडपत होते. मी किंचाळले. पुलाजवळ सगळेच किंचाळत होते. मी खाली उडी मारली, एनॉकच्या पाठीवर बसून त्याचा कान दातांत धरला. त्याने कोपराने मला भिंतीवर उडवलं. मी उठले तेव्हा क्लेमचे हात थांबले होते, आणि तरी एनॉक उठला नव्हता.

कलम ३. वडिलांचं चांदीचं घड्याळ विकून येईल ते वकीलबाईंनी आपल्या कामाच्या खर्चात धरावं. मला ते घरात नको.

चौकशी 'रॅम' पबच्या मागच्या खोलीत झाली. पंच म्हणून जे बसले त्यांतले निम्मे त्या दिवशी पाण्यात होते. मी सांगितलं, चेंडू तिथे नव्हताच. अधिकारी म्हणाले, "मुलगी घाबरलेली आहे, हिला घरी न्या." निकाल लागला: चेंडू छातीशी कवटाळून, झटापटीत बुडून, अपघाती मृत्यू. बाहेर पडताना एनॉकने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्याच्या कानाला पट्टी होती.

पुढच्या वर्षी चेंडूच्या मंगळवारी वडील बूट चढवू लागले. आईने हातातला तवा त्यांच्या अंगावर फेकला. तो खांद्याला लागला. ते शांतपणे म्हणाले, "नाही गेलो तर तो म्हणेल, फर्निसने मनात ठेवलं. आणि उद्यापासून खाणीत मला काम नसेल." संध्याकाळी ते त्याच्याबरोबर बिअर पिऊन आले. आई त्यानंतर त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. मरताना देखील नाही.

कलम ४. माझ्या सुऱ्या, मांस टांगायचे आकडे, धार लावायची सळई आणि ओंडका हे सगळं दुकान चालवणाऱ्या टॉम सेलर्सला द्यावं. मोठा सत्तूर मात्र मर्टलचा. कारण असं.

युद्धात दुकानातले पुरुष गेले म्हणून मालकाने मला कापायला शिकवलं, आणि पुढे दुकान माझ्याच हाती आलं. १९४४ च्या चेंडूच्या मंगळवारी मर्टल मागच्या दाराने दुकानात आली. तिचा जबडा एका बाजूला सरकला होता आणि स्कर्टवर कमरेखाली रक्त होतं. एनॉकने लाथा घालून तिचं मूल पाडायची ती दुसरी खेप. तिला बोलता येईना. मी तिला पिठाच्या पोत्यांवर बसवलं, तोवर एनॉक समोरच्या दाराने आत. बाहेर खिडकीच्या फळ्यांवर जमाव आदळत होता, चेंडू आमच्याच गल्लीत आला होता.

"माझी वस्तू दे इकडे," तो म्हणाला.

"इथे मटण मिळतं," मी म्हटलं. "तुझी रेशनची कुपनं दाखव."

त्याने माझे केस धरले आणि माझं तोंड ओंडक्यावर आपटलं. एकदा, दोनदा. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. पुढचे दात तेव्हाच गेले, आणि वासही. आजतागायत मला गुलाबाचा वास येत नाही आणि रक्ताचाही नाही. तिसऱ्यांदा आपटायला त्याने दुसरा हात ओंडक्यावर टेकला. सत्तूर माझ्या उजव्या हाताशीच होता. मी डोळे मिटले नाहीत. दोन बोटं ओंडक्यावर राहिली आणि एनॉक डुकरासारखा ओरडत गल्लीत पळाला.

सार्जंट आला. दारात जमाव गोळा झाला, वरचे आणि खालचे दोन्ही. "हे कसं झालं?" त्याने मला विचारलं. माझ्या तोंडात रक्त भरलं होतं. मर्टल उठली. तिने एका हाताने जबडा जागेवर धरला आणि एकेक शब्द बाहेर ढकलला.

"आज मंगळवार ना, सार्जंट? खेळात झालं."

दारातल्या पुरुषांपैकी कोणी तोंड उघडलं नाही. काय उघडणार होते? सार्जंटने वही मिटली. मर्टल त्या दिवशी माझ्याकडे आली ती आजवर इथेच आहे. सत्तुराचा मला पश्चात्ताप नाही. घाव बोटांवरच पडला, एवढंच.

कलम ५. एनॉकच्या पुतण्यांना माझ्याकडून काही नाही. त्यांनी मागू नये.

त्यांचा काका १९६१ मध्ये मरायला टेकला. खाणीच्या धुळीने छाती भरली होती. त्याने मला निरोप धाडला. मर्टल म्हणाली, "तू जा. मी त्याला पुष्कळ पाहिलंय."

तो उशांना टेकून बसला होता. "त्याने चेंडू सोडला असता," तो म्हणाला, "तर मी त्याला वर येऊ दिलं असतं."

"चेंडू पुलाखाली गेला होता, एनॉक. तिथे तू एकटाच होतास."

त्याने उशापासच्या पाण्याकडे बोट केलं. मग म्हणाला, "माहीत आहे. तेव्हाही माहीत होतं."

मी त्याला पाणी दिलं नाही. त्याने मागितलं होतं.

कलम ६. चक्कीची कुरणजमीन, पाट, आणि दगड बसवलेली भिंत. चक्की बंद पडून तिचा लिलाव झाला तेव्हा मी ही विकत घेतली, आणि तेव्हापासून दरवर्षी खेळणाऱ्यांना उतरू दिलं. लोक विचारतात, का? क्लेम त्या दगडाकडे हसत निघाला होता, म्हणून. खेळाने त्याला मारलं नाही.

गेल्या महिन्यात गावच्या इतिहास मंडळाचे अध्यक्ष श्री. पर्सिव्हल लोमस आले. सज्जन माणूस, शाळेत शिकवायचे. त्यांना ही जमीन मंडळासाठी हवी आहे. भिंतीवर क्लेमच्या नावाची पाटी लावतील आणि शेजारी एनॉकच्या नावाचं बाकडं, कारण एनॉक पुढे खेळाच्या समितीचा प्रमुख होता. पाटीचा मजकूर त्यांनी वाचून दाखवला: चेंडू छातीशी कवटाळून प्राण दिले, वगैरे.

"लोमस, तुम्हाला हे खरं वाटतं?"

त्यांनी कप खाली ठेवला. "नाही, हेस्टरबाई. माझी आई पुलावर होती. तिनेही मागे वळून पाहिलं होतं."

"मग लिहा की तसं."

"ग्रॅटनचे पुतणे समितीत आहेत. मला याच गावात राहायचंय हो."

"मलाही राहायचं होतं," मी म्हटलं. मर्टलने त्यांच्यापुढची केकची बशी उचलून नेली.

तर ही सगळी जमीन इतिहास मंडळाला द्यावी, पण एका अटीवर. माझ्या मृत्यूनंतर येणाऱ्या पहिल्या चेंडूच्या मंगळवारपूर्वी भिंतीवर दगडाची पाटी बसवावी. मजकूर असा, यात एक अक्षर कमी-जास्त नको: "क्लेमंट फर्निस, वय एकोणीस, याला एनॉक ग्रॅटनने येथे पाण्यात बुडवून मारले. चेंडू तेव्हा पुढे गेला होता." बाकडं नको.

अट पाळली नाही तर जमीन मेंढ्यांसाठी टॉम सेलर्सला, आणि चक्कीचा दगड फोडून रस्त्याच्या भरावात टाकावा.

कलम ७. मला क्लेमशेजारी पुरावं. त्याच्या पलीकडे वडील आहेत, म्हणून मला अलीकडे. माझ्या दुसऱ्या बाजूची जागा मर्टलसाठी घेऊन ठेवली आहे. तिला सांगितलं तर म्हणाली, "तिथे तरी घोरू नकोस."

हे सगळं मी तिला आज सकाळी वाचून दाखवलं. ती शेंगा सोलत होती. सहाव्या कलमाशी तिचे हात थांबले.

"आणि त्यांनी पाटी नाही लावली तर दगड कोण फोडणार? गावात कोणाचा हात उठणार नाही."

"पहिला घाव तू घाल."

"मी सत्त्याहत्तर वर्षांची आहे, हेस्टर."

"पहिलाच फक्त."

तिने बोटांत अडकलेली शेंग सोलून पूर्ण केली, दाणे भांड्यात टाकले, आणि म्हणाली, "घण जड आणू नका म्हणावं."

म्हणून शेवटची सूचना: वकीलबाईंनी माझ्या पैशांतून एक घण विकत घ्यावा. हलका.

वरील सर्व मी वाचलं, ते माझंच आहे, आणि माझ्या हाताने खाली सही करते.

हेस्टर अ‍ॅन फर्निस

आमच्या दोघांच्या समोर त्यांनी ही सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही केली. मर्टल ग्रॅटन यांना घरात हिस्सा असल्यामुळे त्या सहीच्या वेळी बाहेर अंगणात उभ्या होत्या.

साक्षीदार: रोनाल्ड मार्पल्स, जनावरांचे डॉक्टर, थॉर्नीक्लफ
साक्षीदार: जोन बॅगशॉ, टपाल कचेरी, थॉर्नीक्लफ

स्थळ: चक्कीवाट, थॉर्नीक्लफ
दिनांक: ४ नोव्हेंबर १९९१