सोसवेल इतकं गरम

ता. ४ जानेवारी

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. दिवसभर पायमशीन चालवून तळवे बधिर होतात, चपलेतून पाय निसटला तरी कळत नाही, असं लिहिलंस आणि पुढच्याच ओळीत कुणाच्या तरी कोटाची बाही सांगत बसलास. मधुमेहाच्या गोळ्या वेळेवर घेतोस का, त्याचा पत्ता नाही. भावजय होती तोवर हे विचारायचं काम तिचं होतं. आता ते माझ्याकडे आलं.

इकडे सासूबाईंना अंथरुणावर चौथं वर्ष. दर दोन तासांनी कूस बदलायची, अंगाच्या घड्यांत ओल राहू द्यायची नाही, जुन्या चादरीच्या मऊ तुकड्याने टिपायचं, घासायचं नाही. वेळा वहीत लिहिते. परवा डॉक्टर म्हणाले, पाठीवर साधा लाल डाग नाही, कातडी बाळासारखी ठेवलीत. सगळी देवाची कृपा. पण थोडी माझीही, असं मनात आलं आणि लगेच कानाला हात लावला.

तर तूही रोज एवढं कर. घमेल्यात सोसवेल इतकं गरम पाणी घे आणि पाव तास पाय सोडून बस. मग बोटांच्या बेचक्या कोरड्या कर, टाचांना तेल लाव. सासूबाईंचे पाय मी असेच शेकते. कंटाळा करू नकोस. माया आहेच, ऐकलंस तर वाढेल.

तुझी ताई


ता. १६ जानेवारी

ती. ताईस धाकट्याचा सा. न. वि. वि.

हुकूम मिळाला, अंमल चालू आहे. दुकानाची फळी लावली की घमेलं घेऊन बसतो. शेजारची इस्त्रीवाली विचारत होती, मास्तर, पुन्हा बोहल्यावर चढताय की काय. तिला म्हटलं, आमच्या ताईला एक सासू पुरत नाही, म्हणून मला धरलंय.

लहानपणी मला रडूबाई म्हणायचीस ना? आता येऊन बघ. स्टोव्हवरून उतरवलेलं पाणी तसंच ओततो, वर विसण नाही, आणि खुशाल पेपर वाचत बसतो. हूं की चूं नाही. इस्त्रीवालीने काल त्यात बोट घातलं आणि केवढी किंचाळली. दिवसभर निखाऱ्याशी खेळणारी बाई, पण सोसण्यात आपल्या घराण्याची सर नाही. पाय छान लालबुंद होतात. रक्त फिरायला लागलं असणार.

दाजींना नमस्कार. आशीर्वाद असू दे, त्यातला निम्मा पायांना.

तुझा धाकटा


ता. २२ जानेवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पाणी बंद कर. आधी हे, मग बाकीचं वाच.

तुझं पत्र हसत हसत ह्यांना वाचून दाखवत होते. सासूबाईंना बघायला डॉक्टर आले होते, त्यांनी ऐकता ऐकता मला थांबवलं. म्हणाले, ते सोसत नाहीयेत हो, त्यांना कळतच नाहीये. या आजारात पायाची जाणीव जाते. गरम पाणी नकोच. मोजे काढून तळवा आरशात बघ, इस्त्रीवालीलाही बघायला सांग. आजच डॉक्टरांकडे जा.

मी निघाले असते. पण सासूबाईंची कूस ह्यांना एकट्याने बदलता येत नाही, आणि ह्यांची कामावरची पाळी सुटत नाही. फोन तुझ्याकडे नाही, इथली तार बंद पडली आहे, आणि पत्राला सहा दिवस लागतात. त्या सहा दिवसांत तू रोज घमेलं घेऊन बसशील आणि मी इथे जप करत बसेन. दुसरं काय करू, ते सुचत नाही.

ताई


ता. २ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र इस्त्रीवालीने दवाखान्यात आणून दिलं. घाबरू नकोस, मी बसून लिहितोय.

तळव्याला आणि बोटांखाली फोड आले होते. खालच्या बाजूला, त्यात दिवसभर मोजा घातलेला, त्यामुळे दिसले नाहीत. मशीनखालच्या फरशीवर ओले डाग पडले, ते तिने पाहिले आणि मला रिक्षात कोंबलं. उजव्या पायाची दोन बोटं काढली. पाऊल राहील की नाही, ते पंधरवड्यात कळेल म्हणतात. मशीन डाव्या पायाने शिकेन, कापड थोडंच पाय बघतं.

डॉक्टरांनी विचारलं, हे कुणी सांगितलं. मी म्हटलं, माझंच डोकं. आणि खरंच ताई, तू गरम म्हणालीस, उकळतं नाही. मनाला लावून घेऊ नकोस. एवढी कापाकापी झाली, पण जरासुद्धा दुखलं नाही, तेवढंच बरं.

तुझा धाकटा


ता. ८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं शेवटचं वाक्य मला दुसऱ्यांदा वाचवलं नाही.

तू नाव घेतलं नाहीस, पण मी काय लिहिलं होतं ते मला पाठ आहे. सोसवेल इतकं. सासूबाई चटका बसला की पाय ओढून घेतात. तेवढ्यावर माझी सगळी हुशारी चालली होती, हे मला आत्ता कळलं. आज त्यांचे पाय कोमट पाण्यानेच पुसले. पाणी कोपराने पाहिलं, मग ह्यांनाही बघायला लावलं. त्यांची कातडी अजून तशीच आहे, बाळासारखी. मला बघवत नाही.

रोज जखमेकडे कुणाला तरी बघायला सांग आणि ते जसंच्या तसं लिही. मजेचं लिहू नकोस. तू पाळण्यात होतास तेव्हापासून, याला काही दुखू नये, एवढं एकच मागत आले. आता सकाळ-संध्याकाळ देवापुढे बसते आणि म्हणते, त्याच्या पायाला दुखू दे. दुखलं की लगेच कळव. रडलास तरी चालेल.

लोभ ठेव म्हणायला मला तोंड नाही. तरी ठेव.

तुझी ताई